कडी कोणाच्या हाती? परंड्याचा भुईकोट आणि भाड्याचे घर

परंड्याचा भुईकोट पाहावयास जाणारा अभ्यासक बहुधा तोफांपाशी आणि तटापाशी रेंगाळतो. दरवाजापाशी तो फारसा थांबत नाही. वस्तुतः किल्ल्याच्या इतिहासात निर्णायक स्थान पुष्कळदा दरवाजाचेच असते. तट सर्वांनाच अडवितो. कोणाला अडवावयाचे आणि कोणाला आत घ्यावयाचे याचा निवाडा मात्र दरवाजापाशी होतो. हा निवाडा करणारा हात कोणाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. किल्ल्यापासून आरंभ करून तो प्रश्न शहरातील भाड्याच्या घरापर्यंत आणण्याचा संकल्प आहे. ही उडी प्रथमदर्शनी लांबची वाटेल; परंतु दाराच्या बंदोबस्तासंबंधी मराठीत जी शब्दसंपत्ती आहे, तिच्या आधारे मधले अंतर पुष्कळसे तोडता येते. शिवाय हा विषय केवळ पुस्तकी नव्हे. परंडा, भूम, बार्शी या भागांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी सोलापूर-पुण्यास जाणाऱ्या तरुणाला पहिल्याच दिवशी जी वस्तू हाती मिळते ती दुसऱ्याच्या घराची किल्ली होय.

१

परंड्याच्या किल्ल्याचे बांधकाम परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान याच्याकडे दिले जाते. इ.स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले आणि परंडा ही काही काळ निजामशाहीची राजधानी झाली. इ.स. १५४९ मध्ये ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ पूर्वी येथेच होती. १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. भोवती खंदक, आत बुरुजांनी जडलेला तट, अशी या स्थळाची रचना आहे. सपाट भूमीवरील किल्ल्यास डोंगराचा आधार नसतो. म्हणून त्याला सारी भिस्त बांधकामावर आणि बंदोबस्तावर ठेवावी लागते.

ही भिस्त व्यर्थ नव्हती. शहाजहानच्या कारकिर्दीत १६३० च्या सुमारास आजमखानाने परंड्यास वेढा घातला, तो त्यास उठवावा लागला. पुढे १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी मोठ्या फौजेनिशी प्रयत्न केला. त्यांनाही माघार घ्यावी लागली. परंतु ज्या किल्ल्यापुढे सुरुंग आणि तोफा हतबल ठरल्या, तो १६६० मध्ये आदिलशाही किल्लेदार गालिब याने मोगलांच्या स्वाधीन केला. तट तोच होता, खंदक तोच होता, दरवाजाही तोच होता. बदलला तो किल्ली बाळगणाऱ्याचा कल.

या घटनेशेजारी मराठ्यांच्या गडव्यवस्थेची दोन अंगे ठेवून पाहावीत. सभासदाच्या बखरीत वर्णिलेल्या व्यवस्थेप्रमाणे गडाचा कारभार एकट्या माणसाच्या हाती नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस अशी जबाबदारीची वाटणी असे, आणि ते अधिकारी भिन्न जातींतून नेमलेले असत. कोणा एकाचे मन फिरले तरी गड फिरू नये, हा त्यातील हेतू स्पष्ट आहे. दुसरे अंग रामचंद्रपंत अमात्याच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय, म्हणून अधिक दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्यात, मात्र नित्याच्या वापरास लागतील तेवढ्याच राखून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. म्हणजे बंदोबस्ताचे शास्त्र केवळ ‘बंद करण्याचे’ शास्त्र नव्हते. वेळप्रसंगी आतल्या माणसाला बाहेर कसे पडता येईल, याचाही त्यात विचार होता.

२

आता शब्दांकडे वळू. दाराला आतून अडविण्याच्या साधनांची नावे मराठीत बहुतांशी जुनी आणि घरची आहेत. ‘आगळ’ हा संस्कृत ‘अर्गला’ याचा सरळ वंशज. ‘अडसर’ या शब्दातील ‘आड’ कोणालाही ओळखू येईल. ‘खीळ’ हा ‘कील’ या शब्दाच्या परिवारातील. ‘दार’ आणि ‘कवाड’ हेही ‘द्वार’ आणि ‘कपाट’ यांच्यापासून आलेले. याउलट बाहेरून लावावयाच्या साधनांच्या नावांत परकीय भर मोठी दिसते. ‘कुलूप’ हा मूळ अरबी ‘कुफ्ल’. फारसीतून येताना त्यातील वर्णांची अदलाबदल झाली. ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली, आणि तिच्याबरोबर दार ज्यावर फिरते ती ‘बिजागरी’ही आली. ‘किल्ली’ पुन्हा ‘कील’कडेच वळते, शेजारच्या कन्नडातील ‘कीली’ तिची सख्खी बहीण शोभते. खिडकीच्या ‘गजा’चे आणि ‘तावदाना’चे मूळ फारसी आहे, ‘खिडकी’ मात्र प्राकृतातली, आणि तिचा जुना अर्थ ‘लहान बाजूचे दार’ असाही होता, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यावरून कुलूप ही वस्तूच परकीयांनी आणली असे अनुमान काढणे चुकीचे होईल. ‘टाळे’ हा शब्द संस्कृत ‘तालक’शी संबद्ध आहे, आणि तो आजही ‘टाळे ठोकणे’, ‘टाळेबंदी’ यांत जिवंत आहे. शब्द उसना घेतला म्हणजे वस्तूही उसनी, हा नियम नव्हे. तथापि या शब्दसमूहातून एक भेद निश्चित हाती लागतो. आगळ, अडसर, कडी ही साधने माणूस घरात आहे असे गृहीत धरतात. कुलूप हे माणूस घरात नाही असे गृहीत धरते. अडसर घालणारा आणि काढणारा दाराच्या आतच असतो. कुलपाचा निर्णय मात्र किल्लीबरोबर घराबाहेर जातो, हिंडतो, हरवतो, आणि त्याच्या नकला निघतात. म्हणून ज्या समाजात घर क्वचितच रिकामे असते तेथे कडी पुरते; जेथे घर रोज रिकामे पडते तेथे कुलपावाचून गत्यंतर नाही.

३

पुण्याच्या जुन्या वाड्यांत याच भेदाचे एक रूप दिसत असे. देवडीवर माणूस असे. रात्री मोठा दरवाजा लावून आत-बाहेर येण्यासाठी दिंडी ठेवली जाई. पुढे वाड्यांत बिऱ्हाडे नांदू लागली, तरी बाहेरचा दरवाजा सामाईक राहिला आणि आतल्या बिऱ्हाडाचा बंदोबस्त पुष्कळसा शेजारावर अवलंबून राहिला. मुंबईच्या चाळींतही तेच. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. सामाईक व्हरांड्यावर उघडणाऱ्या अशा खोल्यांची दारे दिवसा सताड उघडी असत, आणि बाहेर जाताना किल्ली शेजारी ठेवण्याची पद्धत होती. तेथील खरा अडसर म्हणजे व्हरांड्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लागलेले डोळे.

स्वतंत्र सदनिकेत हे डोळे नाहीत. नवरा-बायको दोघे कामावर, किंवा तीन विद्यार्थी तीन वेळांना बाहेर. दिवसाचे आठ-दहा तास घर रिकामे. तेव्हा सारा भार कुलपावर येऊन पडतो. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून या देशात उत्तम कुलपे होऊ लागली, हे खरे. परंतु कोणतेही कुलूप अभेद्य नसते. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप उघडणारास दुकानाच्या खिडकीत लावलेल्या पाटीवर बक्षीस जाहीर केले होते. अनेक दशकांनंतर, १८५१ मध्ये, हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडून दाखविले. त्याला पन्नासांहून अधिक तास लागले. कुलूप चोराला कायमचे थोपवीत नाही, ते त्याचा वेळ घेते. त्याचे मूल्य तेवढेच, पण ते थोडे नव्हे.

भाड्याच्या घरात मात्र एक निराळाच दोष असतो, आणि तो कुलपाच्या गुणावर अवलंबून नाही. मागच्या भाडेकरूने किती किल्ल्या करून घेतल्या, त्यातील किती परत दिल्या, दलालाकडे एखादी आहे काय, हे नव्या भाडेकरूला ठाऊक नसते. पुण्यात विद्यार्थी असताना मी राहत असलेल्या खोलीत एके दिवशी एक अनोळखी गृहस्थ स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आले. ते पूर्वीचे भाडेकरू होते. राहिलेले पुस्तक न्यावयास आले होते. त्यांनी सौजन्याने क्षमा मागितली. पण त्या दिवसापासून त्या कुलपाचा मला आधार वाटेनासा झाला. माझे दार भक्कम होते. गालिबाचाही दरवाजा भक्कमच होता.

४

यावरून निघणारा व्यावहारिक क्रम असा. पहिली सुधारणा किल्लीची. घरमालकाच्या लेखी संमतीने कुलपाचा किल्ली फिरणारा भाग, ज्यास कारागीर सिलिंडर म्हणतात, तो बदलावा. जुना जपून ठेवावा आणि घर सोडताना पुन्हा बसवून द्यावा. नव्या किल्ल्या किती व कोणाकोणाकडे, हे करारनाम्यात नमूद करावे. दुसरी सुधारणा चौकटीची. पुष्कळदा कुलूप तुटत नाही, त्याचा दांडा ज्या पट्टीत शिरतो ती आखूड स्क्रूंसकट उपटते. लांब स्क्रू घातल्याने दाराचे बळ वाढते. ओढताच बंद होणारे लॅच केवळ ओढून न ठेवता किल्ली फिरवून पक्के करावे. तिसरी सुधारणा खिडकीची. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत बेताची काठी आडवी टाकली की ती बाहेरून सरकत नाही. हा आपला जुना अडसरच होय. त्याला स्क्रू नको, खर्च नको, कोणाची परवानगीही नको.

गजांच्या व जाळीच्या बाबतीत मात्र ‘आज्ञापत्रा’चे स्मरण ठेवावे. सर्व खिडक्यांना न उघडणारे गज बसविलेली सदनिका म्हणजे एक दरवाजाचा गड. दारापाशी आग लागली तर आतल्या माणसाला वाट उरत नाही. म्हणून एका तरी जाळीला आतून उघडणारी झडप असावी, आणि तिची किल्ली खिडकीजवळ, पण बाहेरच्या हाताला न लागेल अशी ठेवावी. खिडकी म्हणजे बाजूचे दार, हा प्राकृतातील अर्थ येथे पुन्हा उपयोगी पडतो.

राहिला हक्काचा प्रश्न. मराठवाड्यास पूर्वी १९५४ चा हैदराबाद भाडेनियंत्रण कायदा लागू होता, मुंबई इलाख्याच्या भागास १९४७ चा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि राज्यास एकच कायदा झाला. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकरूकडून जागा परत घेता येते, असे त्याचे १६ वे कलम सांगते; परंतु त्याच्याच स्पष्टीकरणात दार, जाळीकाम, हवेसाठी आवश्यक खिडकी इत्यादी कामे, जेथे जरूर तेथे पालिकेची परवानगी घेऊन केली असता, ‘कायम बांधकामा’तून वगळली आहेत. मोडकी कडी वा कुजलेली चौकट दुरुस्त करून देणे हे १४ व्या कलमानुसार मुख्यतः मालकाचे कर्तव्य आहे. आज बहुसंख्य तरुण ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात. त्यांना भाडेकरूचे हे संरक्षण सामान्यतः मिळत नाही. त्यांचा आधार म्हणजे लेखी व नोंदणीकृत करारनामा. म्हणूनच किल्ल्यांची आणि दुरुस्तीची कलमे त्यात आरंभीच घालून घेणे अगत्याचे आहे.

तात्पर्य, दाराचे बळ लाकडात, लोखंडात आणि चौकटीत असते. परंतु त्याची निष्ठा किल्ली धरणाऱ्याच्या ठायी असते. परंड्याच्या तटाने दोन वेढे परतविले, तिसऱ्या वेळी त्याला कोणी विचारलेच नाही. घर भाड्याचे असले तरी त्यात निजणारे जीव भाड्याचे नसतात. त्या घराची कडी कोणाकोणाच्या हाती आहे, हे विचारून घेणे हा मालकावरील अविश्वास नसून गृहस्थाश्रमाची पहिली पायरी आहे.