अपुऱ्या दिवसांचे अर्भक व ऊब : एका ज्ञानाचे विस्मरण

वैद्यकात एकदा हाती आलेले ज्ञान पुढे कायम राहतेच, असा समज सर्वत्र आढळतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना रुग्णालयात ऊब देण्याच्या प्रथेचा इतिहास या समजास बाध आणणारा आहे.

पॅरिस येथील मातर्निते प्रसूतिगृहातील स्तेफान तार्निए यांनी १८७८ मध्ये तेथील प्राणिसंग्रहोद्यानात पक्ष्यांची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले, आणि ते बनविणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडूनच अर्भकांसाठी तशी पेटी करवून घेतली. तार्निएंचे सहायक ओव्हार यांनी पुढे तिचे रूप अधिकच साधे केले : लाकडी पेटी, खालच्या कप्प्यात गरम पाण्याच्या मातीच्या बाटल्या, आणि त्या वेळोवेळी बदलणारी परिचारिका. यंत्र म्हणावे असे त्यात फारसे नव्हतेच. तरीही ओव्हारांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या अर्भकांतील मृत्युप्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर उतरले. तार्निएंचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी १९०० साली याहून बोलका पुरावा मांडला. शरीराचे तापमान ३२.५ ते ३३.५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलेल्या अर्भकांपैकी शेकडा १० च वाचत. ते ३६ ते ३७ अंश असलेल्यांपैकी शेकडा ७७.

एवढा पुरावा असतानाही पुढील अर्धशतकात ही गोष्ट मागे पडली, आणि तीही निष्काळजीपणाने नव्हे. एका प्रतिष्ठित मतामुळे. बॉस्टन येथील ब्लॅकफॅन व यॅग्लू यांनी १९३३ मध्ये तापमानाच्या पातळीपेक्षा त्याच्या स्थैर्यावर आणि हवेतील आर्द्रतेवर भर दिला. शरीर किंचित थंड, पण स्थिर असल्यास अपाय नाही, असे अनेक तज्ज्ञ मानू लागले.

न्यूयॉर्क येथील विल्यम सिल्व्हरमन यांच्या १९५७ च्या प्रयोगात दमट हवेतील अर्भके अधिक संख्येने वाचली. श्रेय आर्द्रतेला देऊन ते थांबले असते, तर नवल नव्हते. परंतु ती अर्भके किंचित अधिक उबदारही होती, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. म्हणून १९५८ च्या प्रयोगात पेट्यांतील हवा एका गटासाठी २८.९ अंश, तर दुसऱ्यासाठी ३१.७ अंश ठेवण्यात आली. उबदार गटात शेकड्यामागे सुमारे १५ अर्भके अधिक जगली. फरक तीन अंशांहूनही कमी होता.

कारणमीमांसा पुढील वर्षांत स्पष्ट झाली. अशा अर्भकाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते व त्वचेखालील चरबी अत्यल्प. गारव्यात त्याची प्राणवायूची गरज घटत नाही. शरीर तापविण्याच्या धडपडीत ती उलट वाढते.