चाकूरकर, मॅकेन आणि आमची ओसरी

गाव चाकूर म्हटलं की पुण्यातले मित्र लगेच विचारतात, "म्हणजे ते गृहमंत्री?" हो, तेच, शिवराज पाटील चाकूरकर. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरचा त्यांचा राजीनामा, एवढंच माझ्या पिढीला आठवतं. पण १९९१ ते १९९६ ते लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि मला लिहायचंय ते त्या काळाबद्दल.

अमेरिकेत 'बायपार्टिझन' म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून केलेलं. तिथे स्वपक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून पद जात नाही. २०१७ मध्ये जॉन मॅकेन यांनी स्वपक्षाच्या आरोग्य विधेयकाविरुद्ध मत दिलं, विधेयक पडलं, आणि हे सिनेटर राहिले. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने ते दार बंद केलं. व्हिप मोडला तर खासदारकीवर गदा.

एकीचं उदाहरण म्हणून काश्मीरवरचा २२ फेब्रुवारी १९९४ चा एकमताचा ठराव सांगतात. त्याच वर्षी नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना भारताचं शिष्टमंडळ घेऊन जिनिव्हाला पाठवलं. छानच. पण समोर पाकिस्तान असताना एकमत होणं त्या मानाने सोपं. खतावरच्या सबसिडीवर करून दाखवा बघू!

त्यासाठीची सोय चाकूरकरांच्याच कारकिर्दीत, १९९३ मध्ये झाली: १७ विभागीय स्थायी समित्या. दोन्ही सभागृहांचे, सगळ्या पक्षांचे खासदार. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. व्हिप नाही, कॅमेरा नाही. आमच्या कोड रिव्ह्यूसारखंच. चारचौघांत चूक दाखवली की माणूस अडून बसतो, बंद खोलीत दाखवली की मुकाट्याने दुरुस्त करतो. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के. खोली आहे, पण वापरतंय कोण?

आता घरचं. २०२४ च्या निवडणुकीत फॅमिली ग्रुपवर माझे दोन काका भांडले आणि बोलेनासे झाले. दिवाळीत दोघं ओसरीवर समोरासमोर आले. मोबाईल आत चार्जिंगला होते. तासभर सोयाबीनच्या भावावर तावातावाने वाद झाला. मत कुणाचंच बदललं नाही. पण निघताना धाकटे काका म्हणाले, "दादा, बाजार समितीत सोबतच जाऊ."

मला वाटतं, बायपार्टिझन म्हणतात ते एवढंच. असो.