आरोग्य क्षेत्रातील गुंतवणूक आणि सरकारी दरपत्रक

हृदयरोग्यांच्या रक्तवाहिनीत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी निश्चित केली. धातूच्या साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये. त्याआधी लेप असलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी एक लाख वीस हजार रुपयांच्या घरात होती. अँजिओप्लास्टीसाठी दागिने मोडणाऱ्या कुटुंबांना या निर्णयाने दिलासा मिळाला. रुग्णालय कंपन्यांचे समभाग बाळगणाऱ्यांसाठी मात्र तोच निर्णय नफ्याला कात्री लावणारा ठरला. हे दोघेही अनेकदा एकाच घरात राहतात, ही या क्षेत्रातील गुंतवणुकीची अडचण आहे.

मंदीतही चालणारा धंदा अशी आरोग्य क्षेत्राची ओळख गुंतवणूकदारांना करून दिली जाते. बाजार पडला म्हणून लोक मधुमेहाच्या गोळ्या बंद करीत नाहीत, हे खरेच आहे. परंतु मागणी पक्की असली तरी त्या मागणीचे मोल ठरविण्याचा अधिकार पूर्णपणे उत्पादकाकडे नाही. तो बऱ्याच अंशी शासनाकडे आहे आणि शासनाचे धोरण बदलते.

औषधांच्या किमतींवरील नियंत्रण जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील आदेशांद्वारे चालते. १९९५ च्या आदेशाने ७४ मूळ औषधद्रव्ये नियंत्रणाखाली ठेवली होती आणि उत्पादनखर्चाच्या आधारे किंमत ठरत असे. २०१३ च्या आदेशाने ही पद्धत मोडीत काढली. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधे नियंत्रणाखाली आली आणि बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडच्या किमतींची साधी सरासरी काढून, त्यावर किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा धरून कमाल किंमत ठरू लागली. परिणामी, सर्वांत महाग ब्रँड विकणाऱ्या कंपनीला सर्वाधिक खाली यावे लागले. आधीच स्वस्त विकणाऱ्याला फारसा धक्का बसला नाही. नियम सर्वांना एकच होता, पण कंपनीनुसार त्याचा घाव वेगळा पडला.

या अनुसूचित औषधांच्या किमती दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना १२.१२ टक्के वाढीची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी ती ०.००५५१ टक्के होती, म्हणजे शंभर रुपयांच्या औषधामागे जेमतेम अर्धा पैसा. यादीबाहेरील औषधांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. त्यामुळे कंपनीच्या देशांतर्गत विक्रीत अनुसूचित औषधांचा हिस्सा किती, हा आकडा तिच्या जाहिरातीतल्या कोणत्याही दाव्यापेक्षा मोलाचा ठरतो.

यादीबाहेर असणे हेही पूर्ण संरक्षण नव्हे. जुलै २०१४ मध्ये प्राधिकरणाने मधुमेह व हृदयविकारावरील १०८ औषधांच्या किमतींवर लोकहिताचे कलम वापरून मर्यादा घातली. ही औषधे यादीत नव्हती. औषध कंपन्यांचे समभाग घसरले, प्रकरण न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये ज्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे हा आदेश निघाला ती मागे घेण्यात आली, परंतु त्या १०८ औषधांवरील मर्यादा कायम राहिली. मार्च २०१६ मध्ये तर ३४४ मिश्र औषधांवर एका रात्रीत बंदी आली. त्यांत खोकल्याची घरोघरी ठाऊक असलेली औषधे होती. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. पुढच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने विषय तज्ज्ञांकडे सोपविला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांपैकी ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. अडीच वर्षांच्या या लंबकात समभाग धरून बसलेल्या गुंतवणूकदाराला औषधशास्त्र कळून काहीच उपयोग नव्हता.

रुग्णालयांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे उत्पन्न औषध, साहित्य, खोली, तपासण्या आणि डॉक्टरांचे शुल्क अशा अनेक खात्यांतून येते. एका खात्यावर मर्यादा आली की दुसरे फुगविता येते. स्टेंट स्वस्त झाले तरी अँजिओप्लास्टीचे एकूण बिल त्या प्रमाणात उतरले नाही, अशा तक्रारी नंतर आल्या त्या यामुळेच. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही किमतीची मर्यादा आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती ५४,७२० रुपये होती. मोठ्या रुग्णालय कंपन्यांनी त्या आर्थिक वर्षाच्या निकालांत या निर्णयांचा फटका नमूद केला, पण त्यांचा व्यवसाय मोडला नाही. केवळ आयात स्टेंट विकून जगणाऱ्या वितरकाला ही सोय नव्हती.

शासन थेट खाटेचाच दर ठरवू लागले तर मात्र ही पळवाट उरत नाही. महाराष्ट्राने ते अनुभवले आहे. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्यातील खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर शासनाने बांधले: कोरोना रुग्णाच्या साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. ती साथीची असाधारण वेळ होती. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचारांचे प्रमाणित दर ठरविण्याबाबत केंद्राला फटकारले आणि केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे दर तात्पुरते लागू करण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा रुग्णालयांचे समभाग लगेच घसरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच योजनेचे दर सुधारून वाढविण्यात आले, तेव्हा ते वधारले. एकाच दरपत्रकाने दोनदा, परस्परविरुद्ध दिशांनी, बाजार हलविला.

विम्याच्या बाजूने धोरण बव्हंशी अनुकूल राहिले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण दिले. रुग्ण वाढले, मात्र योजनेचे दर कमी असल्याने खाट भरणे आणि नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. ग्राहकाला हा सरळ लाभ दिसतो. करमुक्तीमुळे विमा कंपन्यांना स्वतः भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, ही बाब मागे राहते आणि ताळेबंदात उमटते.

निर्यातप्रधान औषध कंपन्यांना दिल्लीतील दरपत्रकाची झळ कमी बसते. त्यांचे धोरणकर्ते वॉशिंग्टनला असतात, एवढाच फरक. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी फार्मा निर्देशांकाने एप्रिल २०१५ मध्ये गाठलेला उच्चांक ओलांडण्यास २०२१ उजाडावे लागले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्या आणि तेथील जेनेरिक औषधांच्या घसरत्या किमती ही त्याची प्रमुख कारणे होती. क्षेत्रनिहाय म्युच्युअल फंडाला किमान ८० टक्के रक्कम त्याच क्षेत्रात ठेवावी लागत असल्याने निधी व्यवस्थापकालाही या काळात फारसे बाहेर पडता येत नव्हते. पाच-सहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागणार होते अशा कुटुंबाला ही मुदत परवडणारी नव्हती.

या क्षेत्रात पैसे गुंतविण्यापूर्वी वार्षिक अहवालाची मागची पाने अधिक बोलकी असतात. औषध कंपनी असेल तर निर्यातीचा आणि अनुसूचित औषधांचा वाटा, रुग्णालय असेल तर रोखीने, विम्याने आणि सरकारी योजनेतून येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण तेथे किंवा निकालांनंतरच्या सादरीकरणात सापडते. त्याच पानांत ‘आकस्मिक देयता’ हे शीर्षकही पाहावे. १९९५ च्या आदेशाखालील जादा आकारणीच्या वसुलीचे दावे जुन्या औषध कंपन्यांविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयांत चालत आले आहेत आणि या शीर्षकाखाली त्यांची नोंद सापडते.