चामडे, नायलॉन आणि शंभर मैल
१९५५ साली वेंडेल रॉबी व त्याच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियात टाहो सिटी ते ऑबर्न हे सुमारे १०० मैलांचे डोंगरी अंतर एका दिवसात घोड्यावरून कापले. 'टेव्हिस कप' शर्यतीची ती सुरुवात. तेव्हा खोगीर-लगाम प्रायः चामड्याचेच असत. १९३८ मध्ये जाहीर झालेले नायलॉन पुढे अश्वसाजातही शिरले. घामापावसाने चामडे कडक होते, त्याला साबण-तेलाची निगा लागते. कृत्रिम पट्टा धुतला की काम संपले. मात्र मोहरकी झाडात अडकली, तर चामडे तुटून घोडा सुटतो; नायलॉन तुटत नाही, इजा घोड्याला होते. म्हणूनच नायलॉनच्या मोहरकीलाही कानांमागे चामड्याची पट्टी जोडतात. टिकाऊपणा नेमका कोणाच्या सोयीचा, हा प्रश्न त्या पट्टीत शिल्लक आहे.