म्हातारा कुत्रा कुणाचा?

आमच्या शाळेच्या फाटकापाशी एक कुत्रा असायचा. आठ-नऊ वर्षांपूर्वी गाडीखाली त्याचा पाय सापडला आणि मुलांनी त्याला बारदानात घालून शाळेत आणलं. पाय बरा झाला, लंगडणं राहिलं. मुलांनी नाव ठेवलं शेरू. त्याला उचलून आणणारी मुलं दहावी होऊन गेली, शेरू मात्र तिथेच राहिला. आता डोळ्यांवर निळसर पडदा आलेला, दात झिजलेले.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री निवाऱ्यात हलवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. या आदेशामागची काळजी शिक्षक म्हणून मला समजते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, आणि चावा अनेकदा लहान मुलांना बसतो. पण शेरूला पाठवायचं कुठे? आमचे शिपाई अहिराणीत म्हणाले, "सर, पिल्लू राहतं ते कोनी बी लई जातं. हाऊ म्हातारा, याले कोन लई जाई?"

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत त्यावरून दंगल झाली होती.

१८१३ च्या कायद्याने मुंबईत ठरावीक महिन्यांत भटकी कुत्री मारायला परवानगी होती आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने लोक पाळीव कुत्रीही दारातून ओढून नेऊ लागले. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली आणि ६ जूनला पारशी लोकांनी कुत्री मारणाऱ्यांवर हल्ला केला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. या हरताळात जैन आणि हिंदू होते, तसेच इस्माइली मुसलमानही होते. पुढे जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, अशी तडजोड पुढे आली. १८३४ मध्ये जमशेटजी आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिथे गुरांबरोबर कुत्र्यांनाही जागा होती.

पांजरापोळ हा शब्द आपल्या जळगाव-धुळ्यालाही परका नाही. फरक इतकाच की आज तो ऐकला की डोळ्यांसमोर गाईगुरं येतात, कुत्रा येत नाही.

आता मुसलमानांच्या एका शहराकडे येऊ. उस्मानी काळातल्या इस्तंबूलमध्ये कुत्री मोहल्ल्याची असत. कुण्या एका घराची नव्हेत, पण प्रत्येक मोहल्ल्याची आपली टोळी. खाटीक तुकडे टाकी, कुणी दारात पाण्याचं भांडं ठेवी. १९१० मध्ये, शहर 'आधुनिक' करण्याच्या भरात, तिथल्या प्रशासनाने हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. तिथे ना अन्न, ना गोडं पाणी. ती भुकेने तडफडून मेली. जी सगळ्या मोहल्ल्याची होती, त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा 'हा माझा' म्हणून अडवणारा मालक त्यांच्यामागे नव्हता.

हीच गोष्ट गांधीजींनी वेगळ्या बाजूने मांडली. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातली सुमारे साठ भटकी कुत्री मारवली. अहिंसावादी गांधी त्याचा निषेध करतील अशी लोकांची अपेक्षा होती. 'यंग इंडिया'त त्यांनी उलटच लिहिलं आणि टीकेची पत्रं आली तरी लेखमाला चालू ठेवली. त्यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. मारण्याला त्यांनी दिलेली मुभा मला जड जाते. पण एक मुद्दा टाळता येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुढे निघून जाणं ही दया नव्हे, जबाबदारी झटकणं आहे, असं ते सांगत होते. कुत्र्याला मालक हवा. ज्याला दया येते त्याने त्याला आपलं करावं, नाहीतर त्याची सोय करणाऱ्या संस्थेचा खर्च उचलावा.

हे वाचून मी स्वतःकडे पाहिलं. आठ वर्षं मी शेरूला डब्यातली पोळी टाकत आलो. तो माझा होता का? नव्हता.

इथे माझे वाचक म्हणतील, "सर, मुसलमानाच्या घरात कुत्रा?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. हनफी आणि शाफई मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक. इमाम मालिक यांच्या मते जिवंत कुत्रा पाक आहे. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत शिकारीच्या, जनावरं राखणाऱ्या आणि शेताच्या कुत्र्याला स्पष्ट सवलत आहे. बुखारी शरीफमध्ये एका माणसाची हकीकत आहे: तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून तो विहिरीत उतरला, आपला मोजा पाण्याने भरून त्याला पाजलं, आणि अल्लाहने त्याला माफ केलं. कुरआनातल्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-मर्झुबान यांनी तर कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे बरे, अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे कुत्र्याला दिवाणखान्यात जागा नसेल, पण उंबऱ्यावर आणि शेतात आहे.

खानदेशात हे कुणी वेगळं सांगायला नको. साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलारींचा मेंढ्यांचा वाडा कुत्र्याशिवाय उभा राहत नाही. कापसाच्या शिवारात रात्री राखणीला सालदाराबरोबर कुत्रा असतोच.

शेरूसाठी घर शोधताना मी तीन जणांना विचारलं. पहिल्याने पिल्लू मागितलं. दुसऱ्याने विचारलं, "भुंकतो का?" फार भुंकत नाही म्हटल्यावर विषय बदलला. तिसरा धुळ्याजवळ मळा असलेला माझा जुना वर्गमित्र. त्याने एकच विचारलं, "खातो काय?" तेव्हाच मला वाटलं, जमेल.

आधी गुरांच्या डॉक्टरांकडून रेबीजची लस टोचून घेतली. मित्र दोन रविवारी जळगावला येऊन शेरूजवळ बसला, हाताने भाकरी भरवली. नेताना शाळेतलं त्याचं जुनं बारदान बरोबर दिलं, ओळखीचा वास असावा म्हणून. पहिले पंधरा दिवस लांब दोरीने बांधून ठेवायचं ठरलं, कारण म्हातारा कुत्रा जुनी जागा शोधायला निघतो आणि महामार्गावर गाडीखाली येतो. दात नाहीत म्हणून भाकरी वरणात भिजवून द्यायची.

गेल्या महिन्यात जाऊन आलो. शेरू खळ्याच्या कडेला उन्हात पडला होता. मला पाहून उठला, शेपूट हलवली, पायाशी आला. थोड्या वेळाने मित्राच्या म्हाताऱ्या अम्मी काठी टेकत विहिरीकडे निघाल्या, तसा तो मला सोडून लंगडत त्यांच्या मागे गेला. मी हाक मारली. त्याने एकदा वळून पाहिलं आणि पुढे चालू लागला. त्याला मालक मिळाला होता.

शाळेच्या फाटकाशी अजून दोन कुत्री आहेत. एक तरुण आहे, तिची सोय होईल. दुसरी म्हातारी आहे. कुणाचं शेत असेल, खळं असेल, तर सांगा. लस मी टोचून आणून देईन.