ठिबकमधून खत (भाजीपाला)

पाण्यात पूर्ण विरघळणारे खत ठिबकच्या नळ्यांतून थेट मुळांशी पोचवण्याची पद्धत, बोलण्यात ‘फर्टिगेशन’. विदर्भातील भंडारा हा भाताचा, तलावांचा जिल्हा. तेथील वांगी, भेंडी, कारली यांसारख्या भाज्यांच्या मळ्यांना आणि परसबागांना ही पद्धत विशेष सोयीची.

खत ओढण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे व्हेंचुरी. तिच्या अरुंद गळ्यातून पाणी वेगाने जाताना तेथील दाब घटतो आणि बादलीतील द्रावण नळीत खेचले जाते. रोप लहान असताना 19:19:19 (नत्र:स्फुरद:पालाश), फुलोऱ्यात 0:52:34, फळ पोसताना 13:0:45 अशी खते सहसा वापरतात. कॅल्शियम नायट्रेट मात्र फॉस्फेट वा सल्फेट खतांत कधीही मिसळू नये. साका बसून तोट्या बुजतात. आधी साधे पाणी, मग खत, शेवटी पुन्हा साधे पाणी, हा क्रम पाळावाच. विहिरीत किंवा घरच्या नळात खत उलटे जाऊ नये म्हणून एकदिशा झडप अनिवार्य समजावी.

विदर्भातीलच नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेले जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) हेही ठिबकमधून देता येते. त्यासाठी ते बारीक कापडातून काळजीपूर्वक गाळावे लागते. भर पावसात खत सोडू नये, नत्र मुळांखाली वाहून जाते.