रस्ता कोणाचा?

9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. 1907 साली ती विजेवर धावू लागली आणि 1926 साली तिच्या जोडीला मोटारबस आली. ऑगस्ट 1947 मध्ये हा सारा कारभार खाजगी कंपनीकडून महापालिकेकडे आला, म्हणजेच शहराची वाहतूक शहरवासीयांच्या मालकीची झाली. त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांत, 31 मार्च 1964 रोजी, बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली.

ट्राम तोट्यात चालते आणि रहदारीच्या आड येते, असे दोन आरोप तिच्यावर होते. श्रोतेहो, दुसरा आरोप नीट पारखून पाहा. गिरणीकडे, कचेरीकडे माणसे पोहोचविणारी ही गाडी आड येत होती ती कोणाच्या? रहदारी म्हणजे माणसे की मोटारी, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

त्या काळी मोटार थोड्यांनाच मिळे; नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. 1991 नंतर कारखाने वाढले, कर्जही सुलभ झाले. भरल्या बसला लोंबकळून ज्याने उमर काढली, त्याने बायकामुलांसाठी मोटार घेतली, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. दोष आहे तो जागेच्या वाटणीत. एका बसला फार तर तीन मोटारींची जागा लागते. पण ती पन्नास माणसे नेते, आणि त्या तीन मोटारी मिळून चार-पाच!

मोटारींच्या गर्दीत अडकल्यामुळे बसला उशीर होतो. उशीर होतो म्हणून उतारू तुटतो, उतारू तुटला की तोटा वाढतो, आणि तोटा दाखवून गाड्या कमी केल्या जातात. खापर मात्र ड्रायव्हर-कंडक्टरच्या पगारावर फुटते. जानेवारी 2019 मध्ये बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. त्याच वर्षी भाडेतत्त्वावरील बसगाड्या आल्या. इकडे 2009 साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पादचाऱ्याला आणि दुचाकीला मज्जाव!

दिल्लीने निराळी वाट चोखाळून पाहिली. 2008 साली आंबेडकरनगर ते मूलचंद या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्ग राखला गेला. मोटारवाल्यांनी ओरड केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 2012 साली न्यायालयाने योजना मोडण्यास नकार दिला. तरीही 2016 साली सरकारने ती उखडून टाकली. न्यायालयात टिकलेली गोष्ट रस्त्यावर टिकली नाही, कारण बसमधला उतारू संघटित नव्हता.

आमच्या मते यातला धडा हाच आहे. मोटार ज्याची त्याची असेल, पण रस्ता सर्वांच्या पैशाचा आहे. त्याची वाटणी वाहने मोजून नव्हे, माणसे मोजून झाली पाहिजे. बसला तिचा स्वतंत्र मार्ग द्या, ही मागणी कामगाराने एकट्याने करून भागणार नाही. थांब्यावर ताटकळणाऱ्या उतारूने त्याच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.